एका पिनेपायी चार देश

माझा मित्र चोर आहे हे सिद्ध करायला मी युरोपात गेलो होतो. बरोबरच्या तेरा बागायतदारांना मी सांगितलं होतं की तिकडची बाजारपेठ बघायला चाललोय. बायकोला सांगितलं होतं की एकदा विमानात बसायची हौस आहे. दोन्ही अगदीच खोटं नव्हतं. पण माझ्या पिशवीत पासपोर्टच्या खाली एक पत्र घडी घालून ठेवलेलं होतं, आणि मी निघालो होतो ते त्या पत्रापायी.

आमचं गाव दिंडोरी तालुक्यात. गावात द्राक्षाशिवाय दुसरं काही बोलणाऱ्या माणसाला लोक बरं नाही का म्हणून विचारतात. माझी थॉमसन जातीच्या द्राक्षाची तीन एकर बाग आहे. मित्राचं गावाबाहेर पॅकहाउस आहे. बागेतून आलेला माल तिथे निवडतात, लहान प्लास्टिकच्या डब्यांत भरतात, पेट्या रचून थंड करतात आणि कंटेनरमध्ये चढवतात. आम्ही दोघं पहिलीपासून एका बाकावर होतो. मी बाग लावली तेव्हा पहिला खड्डा त्याने खणला, आणि त्याने पॅकहाउस बांधलं तेव्हा पत्रे चढवायला मी वर होतो. तीस वर्षांत माझा एकही घड दुसऱ्याच्या दारात गेला नाही.

बाहेरदेशी जाणाऱ्या प्रत्येक पेटीवर ती ज्या बागेतून आली त्या बागेचा नंबर चिकटवतात. तिकडे कुणाला काही वावगं सापडलं तर नंबर बघून थेट आमच्या बांधापर्यंत येता यावं, अशी ती व्यवस्था. माझा नंबर मला माझ्या मोबाइलच्या नंबरापेक्षा चांगला पाठ आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस, माझी काढणी आटोपून आठ-दहा दिवस झाल्यावर आणि जहाजाने पुढे गेलेला पहिला माल तिकडे पोचल्यावर मित्राने मला बोलावून घेतलं आणि सांगितलं की तुझ्या नंबराच्या एका डब्यात स्टेपलरची पिन सापडली. तिकडच्या खरेदीदाराने यंदापुरता तुझा नंबर बंद केला.

मी आधी हसलोच. मण्यांत पाणी उतरायच्या सुमाराला आमच्याकडे प्रत्येक घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात. नाही गुंडाळला तर उन्हाने आणि थंडीने मणी गुलाबी पडतात, आणि तिकडच्या लोकांना हिरवाच माल लागतो. पुष्कळ जण तो कागद स्टेपलरने टाचतात, कारण काम झटपट होतं. माझ्या बागेत पंधरा वर्षांत स्टेपलर आलेला नाही. कागदाच्या टोकाला देठाशी पीळ द्यायचा आणि सोडून द्यायचं, ही माझी पद्धत. कामाला येणाऱ्या बायांच्या टोळीला पहिल्या दिवशी मी पिशव्या उघडून दाखवायला लावतो. बागायतदारांच्या बैठकीत या विषयावर मी दोनदा भाषण केलेलं आहे, आणि दुसऱ्यांदा लोक कंटाळले होते.

तेव्हा हिशेब सरळ होता. पिन माझी नाही, म्हणजे डब्यातला माल माझा नाही. माल माझा नाही आणि नंबर माझा, म्हणजे कुणीतरी दुसऱ्याचा माल माझ्या नंबराखाली घातला. आणि पॅकहाउसात नंबराच्या चिठ्ठ्या ज्या कपाटात असतात त्याची किल्ली एकाच माणसाच्या करदोट्याला असते.

खरेदीदाराचं इंग्रजी पत्र मी त्याच्याकडून मागून घेतलं. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली. तिने ते वाचून अर्थ सांगितला आणि म्हणाली, "शेवटी लिहिलंय की सोबत फोटो जोडलाय." फोटो नव्हता. मी तसाच गाडीला किक मारून पॅकहाउसवर गेलो आणि फोटो मागितला. मित्राने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि म्हणाला, "फोटो नाय आला."

चौथीत असताना गुरुजींनी फळा कुणी फोडला म्हणून विचारलं होतं तेव्हा याला चष्मा नव्हता, तेव्हा तो नाक पुसत होता. चष्मा लागल्यापासून तो चष्मा पुसतो. तो खोटं बोलतोय हे मला त्या क्षणी कळलं, आणि मी त्याच्या कामगारांसमोर, दोन ड्रायव्हर आणि गावातली चार माणसं उभी असताना म्हणालो की तू माझ्या नंबरात दुसऱ्याचा माल घातलास. त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तो आत निघून गेला. निर्दोष माणूस भांडला असता, असं मी वाटेत स्वतःला चार वेळा समजावलं.

मार्चमध्ये त्याच्या मुलीचं लग्न झालं. मी गेलो नाही. ती पोरगी माझ्या बायकोच्या हाताखाली पहिली ते चौथी शिकली होती, म्हणून बायको एकटी गेली. परत आल्यावर तिने जेवणात काय होतं तेवढंच सांगितलं.

एप्रिलमध्ये सहल निघाली. बेल्जियम, लक्झेंबर्ग, जर्मनीचा कोपरा, हॉलंड आणि परत बेल्जियम. त्या कार्यक्रमाच्या कागदावर सातव्या दिवशी हॉलंडमधल्या एका मोठ्या फळांच्या गोदामाला भेट होती, आणि गोदामाचा पत्ता माझ्या पत्राच्या माथ्यावर होता तोच होता. मी त्याच दिवशी नाव नोंदवलं. एप्रिल म्हणजे खरड छाटणीचा महिना. काढणी झाल्यावर वेल पार खरडून काढायची, तर पुढच्या वर्षीची काडी तयार होते. ती चुकली तर वर्ष चुकलं. मी टोळी ठरवली, बायकोला तारखा लिहून दिल्या आणि निघालो.

पहाटे नाशिकच्या द्वारका चौकात बस लागली होती. सगळ्यांच्या बायकांनी दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीचा वास गाडीभर होता. घोटीच्या टोलनाक्यावर थांबलो, पुढे कसाऱ्याच्या अलीकडे पोलिसांनी थांबवलं, विमानतळावर तीन ठिकाणी उभं केलं. हे मी सांगतोय कारण पुढे चार देशांच्या हद्दींवर मिळून आम्हाला कुणीही एकदासुद्धा अडवलं नाही, आणि त्यानेच माझी झोप गेली.

ब्रुसेल्सला उतरल्यावर सहलीच्या व्यवस्थापकाने, हा पुण्याचा एक हसतमुख गृहस्थ होता, सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करायला घेतले. सुरक्षित राहतात म्हणाला. मी दिला नाही. आठ दिवस तो माझ्या बनियनच्या खिशात होता आणि घामाने त्याचं पुठ्ठ्याचं कव्हर वाकडं झालं. हॉटेलात नळाचं पाणी पिता येतं असं त्याने सांगितलं, तेही मी आधी दुसऱ्यांना पिऊ दिलं. निफाडकडचा एक बागायतदार माझ्या खोलीत होता. त्याने दोन ग्लास प्यायले आणि सकाळी तो ठणठणीत उठला, मग मी प्यायलो.

बेल्जियम सपाट आहे आणि ओलं आहे. एप्रिलात आमच्याकडे डोकं तापतं, तिथे लोक जाड कोट घालून रस्त्यात उभ्याउभ्या कागदी सुरळीतून बटाट्याचे तळलेले तुकडे खात होते. ब्रुजला कालव्यातून होडीत फिरवलं. सगळे फोटो काढत होते. मी काठावरच्या दुकानांकडे बघत होतो, कारण मला एकच गोष्ट शोधायची होती. माझी काढणी फेब्रुवारीतच संपलेली. एप्रिलात ताज्या द्राक्षाच्या पेटीवर माझा नंबर दिसला, तर तो चोरीचा पुरावा. गोदामापर्यंत थांबायचीही गरज नव्हती.

तिकडे मोठ्या दुकानांत फळं आलेल्या पेटीतच मांडतात. मी पहिल्या दुकानात शिरलो, द्राक्षांपाशी गेलो आणि पेट्या उचलून खालच्या बाजूची चिठ्ठी वाचायला लागलो. चिलीची होती, दक्षिण आफ्रिकेची होती, आणि खाली आपलीही होती. आपल्या पेटीवरचा नंबर वाचला की पिशवीतल्या वहीत लिहायचा, पेटी होती तशी ठेवायची. असं मी अँटवर्पला दोन दुकानांत केलं. तिसऱ्या दुकानात एक उंच माणूस माझ्या मागे चार पावलांवर येऊन उभा राहिला. मी टोमॅटोकडे सरकलो तर तो बटाट्यांकडे सरकला. मी बाहेर पडलो तेव्हा त्याने माझी पिशवी उघडायला लावली. आत चष्म्याचं घर, चटणीची पुडी आणि वही निघाली. वहीतले नंबर त्याने बराच वेळ बघितले. पिशव्या उघडायला लावणारा मी, माझी पिशवी परदेशात उघडली गेली आणि चटणीचा वास त्या दुकानाच्या दारात पसरला. माझा खोलीतला जोडीदार, तो निफाडकडचा, बाहेर उभा राहून बघत होता. तो म्हणाला, "काय शोधू राहिले भो तुम्ही चार दिवसांपासून?" मी म्हणालो, भाव बघतोय.

लक्झेंबर्गला बस फुकट आहे. शहरातलीच नव्हे, त्या देशातली झाडून सगळी. व्यवस्थापकाने सांगितलं तरी मी तिकीट कुठे मिळतं ते शोधत होतो. बसमध्ये चढल्यावर मी ड्रायव्हरच्या नजरेसमोर उभा राहिलो, कारण कुणी तपासायला आलं तर निदान लपत होतो असं दिसू नये. कुणी आलं नाही. एक म्हातारी उतरताना माझ्याकडे बघून हसली. फुकट गोष्टीत कुठेतरी गोम असते अशी माझी पक्की समजूत, आणि त्या दिवशी ती गोम सापडली नाही म्हणून मी उगाच चिडलेला होतो.

देश कधी बदलला ते कळायचं नाही. बसमध्ये डुलकी लागली आणि उठलो तर जर्मनी. मोबाइलवर संदेश यायचा, तेवढीच खूण. जर्मनीत एका गावाबाहेर शेताच्या कडेला पत्र्याचं छप्पर होतं, त्याखाली बटाट्याच्या आणि अंड्यांच्या पिशव्या मांडलेल्या, शेजारी भोक पाडलेला डबा. माणूस नाही. हवं ते घ्यायचं आणि पैसे डब्यात टाकायचे. बाकीचे त्या शेतकऱ्याचं कौतुक करत होते. मी छपराच्या वाशात कॅमेरा शोधत होतो. नव्हता. शेवटी मीच तिथे उभा राहून आमच्यातले सगळे नीट पैसे टाकतात की नाही ते बघितलं, आणि मग मला माझीच जरा लाज वाटली.

बेल्जियम आणि हॉलंडच्या हद्दीवर बार्ले नावाचं एक गाव आहे. तिथे दोन देशांची हद्द फरशीवर पांढऱ्या फुल्या काढून दाखवलेली आहे. ती रस्त्यातून जाते, दुकानांतून जाते, घरांच्या दारातून आत शिरते आणि पलीकडे निघते. एका घराचं अर्धं दार या देशात, अर्धं त्या. आमच्याकडे वीतभर बांधापायी सख्ख्या भावांच्या तीन पिढ्या कोर्टात गेलेल्या मी बघितल्यात. माझा जोडीदार एक पाय हॉलंडात आणि एक बेल्जियममध्ये ठेवून उभा राहिला आणि मला फोटो काढायला लावला. म्हणाला, "हे आपल्या गावात असतं तर एव्हाना चार खून पडले असते." सगळे हसले. मला एकदम मित्राची आठवण झाली. त्याचं पंधरा गुंठे रान माझ्या बागेला लागून आहे, आणि त्या बांधावरून आमचा कधी शब्दाला शब्द झालेला नाही. हा विचार मला नको होता, म्हणून मी बसमध्ये जाऊन बसलो.

तोवर माझ्या वहीत एकोणीस नंबर झाले होते. माझा एकही नव्हता. त्यातले सात मित्राच्या पॅकहाउसचे होते आणि सातही जणांना मी ओळखतो, त्यांची काढणी मार्चभर चालू होती. सगळं जसं असायला हवं तसं होतं. सावध चोर आहे, असं मी ठरवलं.

सातव्या दिवशी गोदाम आलं. आत इतकं थंड की बोलताना वाफ निघत होती. तिथली तपासणी बघणारी बाई पन्नाशीची होती, केस पांढरे, हातात रबरी मोजे. तिने आमच्यासमोर एक पेटी फोडली, मणी दाबले, देठ वाकवून दाखवले. बाकीचे प्रश्न विचारत होते. सगळ्यांचं झाल्यावर मी व्यवस्थापकाला बाजूला घेतलं, खिशातून पत्र काढलं आणि म्हणालो की हिला विचारा, याचा फोटो कुठे आहे.

तिने पत्र वाचलं, नंबर बघितला, माझ्याकडे बघितलं. मग संगणकावर काहीतरी शोधलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. फोटो होता. ज्या दिवशी पत्र गेलं त्याच दिवशी फोटोही पॅकहाउसला गेला होता, आणि खाली मित्राचं दोन शब्दांचं उत्तर होतं, मिळाला म्हणून. तो खोटं बोलला होता, हे पत्र्यावर कोरून ठेवावं इतकं स्पष्ट माझ्यासमोर होतं. मी सात दिवस ज्याच्यामागे हिंडत होतो ते मला मिळालं होतं.

पडद्यावर फोटो बारीक होता. बाई उठून आत गेली आणि एक छोटी पारदर्शक पिशवी घेऊन आली. वर माझा नंबर लिहिलेला. आत पिन होती, आणि पिनेला अंगठ्याच्या नखाएवढा कागदाचा कोपरा अडकलेला होता.

कागद वर्तमानपत्राचा नव्हता. आखीव रेघांचा होता. त्यावर लाल शाईची अर्धी खूण होती, बरोबर उत्तराला करतात ती, आणि तिचं शेपूट वर जाऊन पुन्हा आत वळलेलं होतं. अशी बरोबरची खूण जगात एकच बाई करते. किराणाच्या यादीवर, कॅलेंडरवर, गॅसच्या नोंदीवर मी ती तेहेतीस वर्षं बघतोय. ती माझी बायको.

आता सांगायला हवं. डिसेंबरात बागेच्या शेवटच्या सहा ओळींना कागद कमी पडला. आताशा लोक मोबाइलवर वाचतात, रद्दी मिळत नाही. बायकोने एका पत्र्याच्या पेटीत पोरांच्या सहामाही-वार्षिकच्या उत्तरपत्रिका जपून ठेवल्या होत्या, मोठ्या तावाच्या, निवृत्त झाली तरी टाकवत नव्हत्या. त्या मी मागितल्या. तिला जिवावर आलं, पण दिल्या. प्रत्येक उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्यात तीन-चार ताव पिन मारून जोडलेले. मी बायांच्या पिशव्या तपासत राहिलो आणि पिना माझ्याच घरातून बागेत गेल्या.

बाईने विचारलं, ओळखता का हा कागद. व्यवस्थापकाने मराठीत विचारलं. तेरा जण भोवती उभे होते. मी म्हणालो, "नाही, पण हे मला द्या." तिने पिशवी दिली. तिच्या दृष्टीने ते प्रकरण कधीच संपलेलं होतं.

बसमध्ये बसल्यावर मला पहिल्यांदा काय वाटलं, ते मी खरं सांगतो. लाज वाटायला हवी होती. मला बायकोचा राग आला. माझं नाव, माझी पंधरा वर्षांची पद्धत, दोन भाषणं, सगळं तिच्या पेटीतल्या कागदांनी घालवलं. आणि मित्रावरचा संशयही गेला नव्हता, तो फक्त दुसरीकडे वळला होता. फोटो त्याने लपवला, ही गोष्ट तर उरलीच. त्या खुणेची बाई कोण हे त्यालाही दिसलं असणार. त्याची पोरगी चार वर्षं त्याच खुणांच्या वह्या घरी आणत होती. मग हातात पुरावा असून, गावासमोर त्याला चोर म्हणत असताना, हा गप्प का बसला? यात त्याचा काय डाव आहे? हॉलंडातून ब्रुसेल्सला येईपर्यंत मी तो डाव शोधत होतो.

संध्याकाळी हॉटेलातून घरी फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली की छाटणी झाली. आपली टोळी आलीच नव्हती, दुसरीकडे जास्त मजुरी मिळाली म्हणून तिकडे गेली. "भाऊजींना कसं कळलं कुणास ठाऊक. त्यांची माणसं घेऊन आले. दोन दिवस स्वतः बांधावर उभे होते, पाणीसुद्धा घरातलं घेतलं नाही," ती म्हणाली. मित्राला ती भाऊजी म्हणते. मी बरं म्हणालो. पिनेचं काही बोललो नाही. समोरासमोर बोलायचं ठरवलं.

विमानात मी ते वाक्य जुळवत होतो. तुझ्या त्या कागदांनी माझं नाव युरोपात घालवलं. दोनदा नीट जुळलं. शेजारी जोडीदार तोंड उघडं टाकून झोपला होता. तिसऱ्यांदा जुळवायला घेतलं आणि मध्येच डिसेंबरातली सकाळ आठवली. बायको ओट्यावर बसून नखं कापायच्या यंत्राच्या टोकाने एकेक पिन उचकटत होती, आणि हिंगाच्या रिकाम्या डबीत टाकत होती. मांडीवर गठ्ठा होता. मी तिच्या मांडीवरून तो गठ्ठा उचलला आणि म्हणालो, बाया खोळंबल्यात, त्या काढतील पिना. ती म्हणाली होती, आठवणीने सांगा हं त्यांना. मी कुणालाही सांगितलं नव्हतं. गठ्ठा बागेत टाकून मी औषधाच्या टाकीकडे गेलो होतो.

ते वाक्य पुन्हा जुळलं नाही.

द्वारकेला उतरलो आणि घरी न जाता रिक्षा आणि मग दिंडोरीची जीप करून थेट पॅकहाउसवर गेलो. हंगाम संपलेला, आवार रिकामं. मित्र नळाखाली क्रेट धूत होता, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली. मला बघून त्याने नळ बंद केला. मी ती पिशवी काढून ओल्या क्रेटवर ठेवली. त्याने वाकून बघितली आणि चष्मा पुसला, पण तो खरंच पाण्याने भिजला होता.

"गेला व्हता व्हय तिथवर," तो म्हणाला.

मी म्हणालो, फोटो आला होता तुला. तो म्हणाला, आला व्हता. मी विचारलं, मग मला दाखवला का नाहीस. मी तुला चार लोकांत चोर म्हणालो, पोरीच्या लग्नाला आलो नाही, तरी खिशातला फोटो काढून माझ्या तोंडावर मारला का नाहीस.

त्याने पिशवी उचलून माझ्या हातात परत दिली. आवाज नेहमीचाच होता, क्रेट मोजताना असतो तसा.

"दाखवला असता तर तू वहिनींना बोलला असता. लय बोलला असता. मला बोलला, ते परवडलं."

मी म्हणणार होतो की नसतो बोललो. तोंडापर्यंत आलं होतं. पण जे वाक्य मी विमानात दोनदा बसवून पाहिलं होतं ते मला शब्दन् शब्द पाठ होतं, आणि तेच तिच्या कानावर पडू नये म्हणून हा माणूस दीड महिना गावात चोर म्हणून हिंडला होता. मी विजार दुमडली आणि त्याच्या शेजारी क्रेट धुवायला बसलो. शेवटचा क्रेट पालथा घालून तो म्हणाला, चहा घेऊन जा, आणि वहिनींना माझं काही सांगू नको. मी त्याला म्हणालो, सगळं सांगणार आहे.